गावाखालच्या खडकाची नोंद गावाकडे हवी : सातारा-सांगलीच्या सरपंचांना खुलं पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व सरपंच, उपसरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या ग्रामसभेत आपण एक ठराव मांडावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ठराव छोटा आहे. गावाच्या हद्दीत यापुढे जी बोअर मारली जाईल किंवा जी विहीर खोदली जाईल, तिच्यात किती फुटांवर कोणता खडक लागला आणि पाणी कुठे लागलं, याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी. कोरड्या गेलेल्या बोअरचीही व्हावी. आणि गावातल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजून त्याच वहीत उतरवली जावी. यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायला नको. एक जाड वही, एक टेप आणि हे काम मनावर घेणारा एक माणूस पुरे.

मी भूशास्त्र शिकलो आणि विटा, आटपाडी, दहिवडी या पट्ट्यात विहिरी-बोअरच्या जागा बघण्याचं काम करत आलो. कामासाठी कुठल्याही गावात गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो, इथे आजवर किती बोअरी झाल्या आणि कुणाला कितीवर पाणी लागलं? उत्तर मिळतं, पण कुणाच्या तरी आठवणीतून. "वरच्या वस्तीवर तीनशेला लागलं होतं", "त्या मळ्यात फुफाटाच निघाला". आठवणारा माणूस गावात नसला की तेवढंही मिळत नाही. एका गावात पंचवीस-तीस वर्षांत शंभरावर बोअरी होतात, लाखो रुपये जमिनीत जातात, आणि पुढची बोअर मारणारा शेतकरी पहिल्या बोअरवाल्याइतकाच अंधारात असतो. ही गोष्ट मला मनापासून लागते.

आपले दोन्ही जिल्हे जवळजवळ पूर्णपणे काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेले आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत. प्रत्येक थराचा खालचा भाग कडक आणि घट्ट असतो. वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि त्या भोकांत पांढरी खनिजं भरलेली असतात. विहीर खोदणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा गेरू असतो. नदीच्या वाळूत पाणी जिकडे तिकडे सापडतं, तसं बेसाल्टमध्ये होत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून बांधापलीकडच्या शेतात अडीच इंच पाणी लागतं आणि अलीकडे धुरळा निघतो. त्यात नशिबाचा भाग कमी, खडकाचा जास्त. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो की नाही, यावर मला इथे वाद घालायचा नाही. पण पाणाडी निघून गेल्यावर गावाच्या हातात काही लेखी उरत नाही, हे तर आपण सगळेच बघतो.

उरू शकतं, हे मात्र नक्की. बोअरची गाडी शिवारात येते ती बहुतेक वेळा रात्री. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घरची माणसं तोंडाला फडकं बांधून कडेला उभी असतात आणि सगळ्यांचं लक्ष धुरळा ओला होतो का, एवढ्याकडेच असतं. पण खालची सगळी माहिती त्याच धुरळ्यातून वर येत असते. गाडी ठरावीक लांबीचे लोखंडी रॉड एकामागून एक खाली सोडते. पहिल्या रॉडला पिवळसर मुरूम येतो. मग हातोडा कडक पाषाणात शिरतो आणि राखाडी-काळी बारीक भुकटी पडू लागते. ती बराच वेळ तशीच चालते. मग एकाएकी विटकरी माती उडते, दोन-तीन फूटच. तो गेरू. त्याच्या खाली चुऱ्याचा रंग तांबूस-जांभळट होतो आणि त्यात पांढरे, चकाकणारे कण दिसतात. म्हणजे वरचा थर संपला, सांधा ओलांडला, खालच्या थराचा मांजऱ्या सुरू झाला. त्या बोअरला पाणी लागो वा न लागो, सांधा किती फुटांवर आहे ते कळलेलं असतं. हे थर आपल्याकडे बरेचसे आडवे आहेत. त्यामुळे अशा दहा-पंधरा बोअरींच्या नोंदी आणि जागांची उंची एकत्र मांडली, तर गावाच्या कुठल्या भागात तोच सांधा साधारण कितीवर मिळेल, याचा अंदाज बांधता येतो.

सकाळी गाडी जाते. चुरा बांधावर पसरतो, पुढच्या पावसात वाहून जातो. बिलावर फूट आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, एवढंच लिहिलेलं असतं.

याच साताऱ्यात याच खडकाला किती मान मिळाला आहे, तेही सांगतो. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंप आपल्या भागात कोण विसरेल? तिथले भूकंप खोलवर नेमके कशाने होतात, हे शोधण्यासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा उभी केली. कोयना भागात गोठणे इथे 3 किलोमीटर खोल बोअर घेतली. ती 2017 मध्ये पूर्ण झाली. बेसाल्टची जाडी तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. त्याआधी घेतलेल्या शोध-बोअरींतून काढलेले दगडाचे लांब गज खोलीनुसार खुणा करून जपून ठेवले आहेत. जगभरचे संशोधक त्यावर काम करतात. आपल्या बोअरींना तेवढा थाट नको. पण दर रॉडला मूठभर चुरा एका छोट्या पिशवीत भरून वर फूट लिहिणं, हे शेतकऱ्याच्या घरातलं शाळकरी पोरही करू शकतं.

आता हे सगळं आजच इतकं निकडीचं का, ते सांगतो.

पाऊस बदलला, हे आपण शेतात रोज बघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलीमीटर पाऊस झाला. माण तालुक्यात वर्षाला पडतो तोच 500 मिलीमीटरच्या आसपास. पाऊस असा थोड्या दिवसांत कोसळू लागला, तर जमिनीच्या पोटात तो किती आणि किती वेगाने शिरतो यावर पुढचे आठ महिने अवलंबून राहतात. ते ठरवतो खडक. मुरूम जाड असेल, भेगा मोकळ्या असतील, तर एका जोरदार पावसातूनही बरंच पाणी मुरतं. फूटभर मातीखाली सलग कातळ असेल, तर तासाभरात ओढा गढूळ होऊन वाहतो आणि संध्याकाळी कोरडा पडतो.

बेसाल्टची ही तिजोरी लहान आहे, हे आपल्याला आकड्यात माहीत असायला हवं. भूजलाचा हिशेब करताना बेसाल्टसाठी साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे 100 घनमीटर ओल्या खडकातून उपसता येतं ते 2 घनमीटर पाणी. समजा, गावाचं शिवार 1,000 हेक्टर आहे आणि पावसाळ्यात विहिरींची पातळी सरासरी 3 मीटरने वर आली. गुणाकार केला तर गावाच्या जमिनीत 6 लाख घनमीटर, म्हणजे 60 कोटी लिटर पाणी जमा झालं. आकडा ऐकायला फार मोठा वाटतो. 2,000 लोकवस्तीला माणशी रोज 55 लिटर धरलं तर वर्षाला 4 कोटी लिटर लागतात, ते सहज भागतं. पण उसाला पाटाने हेक्टरी 20,000 घनमीटर पाणी दिलं, तर हे सगळंच्या सगळं पाणी 30 हेक्टरांत संपतं. 1,000 हेक्टरांच्या गावात 75 एकर ऊस, आणि जनावरांना प्यायलाही उरत नाही! हेच पाणी शाळूला हेक्टरी 3,000 घनमीटरप्रमाणे दिलं तर 200 हेक्टर भिजतं. प्रत्येक गावाचा आकडा वेगळा येईल, टक्काही खडकाप्रमाणे एक ते तीनच्या दरम्यान बदलेल. पण तो काढायचा तर पातळीची नोंद हवी आणि खडकाची नोंद हवी. दोन्ही नसतील तर पाण्याचा ताळेबंद अंदाजपंचे होतो.

सरकारकडे माहिती नाही, असं मुळीच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पन्नासेक वर्षं राज्यातल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत मोजते आहे. हे काम मोलाचं आहे आणि ते करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. 2019 च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेत आपले दोन्ही जिल्हे घेतले गेले आणि त्यातल्या कित्येक गावांत ताळेबंदाचे आकडे भिंतीवर रंगले. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात विहिरींची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी सांगितलेली आहे. पण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी पाणलोटाचं एकूण चित्र दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या खालच्या आळीची विहीर आणि वरच्या माळावरची विहीर यांतला फरक त्या कशा दाखवणार? ती बारीक नजर गावालाच ठेवावी लागेल.

सांगलीकरांना मी वेगळं काय सांगायचं? पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, हे शाळेतल्या पोरापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 57 च्या वर गेला होता. आज कुठली गल्ली रिकामी करायची, सामान माडीवर कधी न्यायचं, हे लोक त्या आकड्यावरून ठरवतात. शास्त्राचा एक आकडा अख्ख्या शहराच्या तोंडी बसला तो रोज मोजला जातो आणि रोज सांगितला जातो म्हणून. जमिनीखालच्या पाण्याचा असा आकडा जतच्या, माणच्या, खटावच्या, कवठेमहांकाळच्या गावात कुणाच्या तोंडी आहे? ऑक्टोबरात विहिरीचं पाणी किती फुटांवर आहे आणि गेल्या वर्षी याच दिवसांत किती होतं, हे चावडीच्या फळ्यावर लिहिलेलं असेल, तर रब्बीला किती क्षेत्र धरायचं, नवी लागण करायची की थांबायचं, याची चर्चा आकडा समोर ठेवून होईल. आत्ता ती चर्चा एप्रिलमध्ये होते, टँकरचा प्रस्ताव लिहिताना.

जलसंधारणाच्या कामांत खडकाकडे न बघण्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. नाल्याचा तळ सलग कातळाचा असेल आणि तिथे बंधारा बांधला, तर पाणी मार्चपर्यंत छान दिसतं. फोटो चांगला येतो. पण ते पाणी मुरत नाही, उन्हाने उडून जातं. उलट मुरूम आणि भेगाळ खडकावरचा पाझर तलाव दिवाळीनंतर लवकर आटतो आणि गावकरी म्हणतात, तलाव फुटका आहे, काम खराब झालं. मी अशा तलावाखालच्या विहिरी बघितल्या आहेत. तलाव रिकामा झाला होता आणि खालच्या पाच-सहा विहिरींना काठोकाठ पाणी होतं. तो तलाव त्याचं काम चोख करत होता. आपण पावती मात्र कातळावरच्या साठलेल्या पाण्याला देतो. खोलीकरणाचंही तसंच. वरचा मुरूम हीच मुळात पाणी धरणारी जागा. यंत्राने तो सगळा खरवडून खालच्या पाषाणापर्यंत गेलो, तर साठवण वाढत नाही, कमी होते. अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याआधी त्या नाल्याच्या आजूबाजूच्या दोन विहिरींत डोकावून बघा. बांधकाम न केलेल्या विहिरीच्या भिंतीवर सगळे थर उघडे दिसतात. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की गेरूच्या वरच्या कडेला ओलसर पट्टा दिसतो, तिथे शेवाळ धरलेलं असतं. पाणी कुठून येतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

वाळूबद्दलही बोललं पाहिजे, बोलायला अवघड असलं तरी. येरळा आणि माणगंगेच्या पात्रातली वाळू ही आपल्या दुष्काळी पट्ट्यातली सर्वांत चांगली साठवण. बेसाल्टमध्ये 2 टक्के, तर वाळूत 15 टक्क्यांच्या आसपास पाणी उपसण्याजोगं मावतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. म्हणजे एक ब्रास वाळू दरवेळी नदी वाहिली की चारशे लिटरहून अधिक पाणी धरते. ती गेली, की ही जागा कायमची गेली. खानापूर तालुक्यात बलवडीजवळ येरळेवर लोकांनी लोकवर्गणीतून आणि श्रमातून बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा वाळूवर हक्क कुणाचा आणि ती किती उचलायची, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला होता. तो आजही सुटलेला नाही.

पाटण आणि जावळीच्या सरपंचांना वाटेल, हे पत्र आमच्यासाठी नाही. आहे. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि माणसं गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे 1 : 50,000 या प्रमाणावर केले आहेत. त्यात नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. कुठला उतार धोक्याचा, हे त्यातून कळतं. पण तुमच्या वाडीमागच्या माळावर या वर्षी नवी भेग पडली का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, झाडं एका बाजूला कलली का, हे नकाशा सांगू शकणार नाही. तेही त्याच वहीत, तारखेसह लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांमधलं अंतर पावसाळ्यात दर आठवड्याला मोजा. अंतर वाढलं की नोंद पूर्ण करत बसू नका. आधी वाडी खाली करा आणि तहसीलदारांना कळवा.

आता वहीचं सांगतो, कारण बारीक गोष्टींतच अशी कामं अडतात. बोअरच्या पानावर गट नंबर, तारीख, मोबाइलवरून घेतलेलं ठिकाण, एकूण खोली, केसिंग किती, दर रॉडला चुऱ्याचा रंग आणि खडक, पाणी किती फुटांवर आणि किती इंच. शेतकऱ्याचं नाव घालायचं की नाही, ते गावाने ठरवावं. कोरड्या बोअरबद्दल माणसं बोलत नाहीत, कर्ज काढून केलेला खर्च वाया गेल्याचं दुःख त्यात असतं. नाव न घालता गट नंबरावर नोंद झाली तर ती मोकळेपणाने होईल. आणि शेजाऱ्याचे पैसे वाचवणारी नोंद बहुधा तीच असेल. विहिरी मोजताना कठड्यावर लाल रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. मोजायचं पहाटे, मोटरी सुरू व्हायच्या आधी. रात्री वीज होती आणि मोटर चालली, तर तसं शेजारी लिहा. महिने तेच धरा, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, म्हणजे तुमचे आकडे सरकारी आकड्यांच्या शेजारी ठेवून बघता येतील. हे काम बचत गटातल्या ताईंकडे किंवा माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे सोपवलं तर ते टिकतं, असा माझा अनुभव आहे. सरपंच बदलला तरी ती माणसं गावात राहतात.

वर्षातून एकदा वहीची प्रत जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात न्या आणि त्यांच्याकडून तुमच्या पाणलोटाचे आकडे मागून आणा. तुमच्या मजकुरातलं काही चुकलं असेल तर ते सांगतील. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांना गावात बोलवा, त्यांनाही खरा खडक बघायला हवा आहे.

ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत झाला तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत गावातल्या जुन्या बोअरींची माहिती गोळा करून होईल. ज्यांनी त्या मारल्या, ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यांच्या घरी आधी जा, बाकीचं मागाहून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खानापूर तालुक्यातला भूशास्त्राचा एक अभ्यासक